लेप्किसच्या मंडईतली मापपट्टी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रोमन साम्राज्याच्या प्रांतांमधल्या शहरांचे नकाशे शेजारी शेजारी ठेवले की सगळीकडे तोच चौक, तेच नाट्यगृह, तीच स्नानगृहे आणि त्याच कमानी दिसतात. मग या शहरांचा विकास म्हणजे स्थानिक ओळख पुसून त्यावर रोमचा शिक्का मारणे होते का? आणि तसे नसेल, तर ती ओळख शोधायची कुठे?

मी संवर्धन-वास्तुविशारद आहे. जुन्या शहरांची मोजणी आणि नोंदणी करण्यात पंचवीसहून अधिक वर्षे गेली. नगररचनेचा इतिहास शिकवते तेव्हाही हा प्रश्न जवळजवळ दर वर्षी कुणी ना कुणी विचारतेच. दहा शहरांची नावे घेऊन त्याचे उत्तर देता येते, पण त्यातून हाती फारसे लागत नाही. म्हणून मी एकच शहर घेते: उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे, आजच्या लिबियातले लेप्किस मॅग्ना.

माझे म्हणणे आधीच सांगते. इमारतीच्या आकारात ओळख शोधू नका. तिला पैसे कोणी घातले, नाव कोणत्या भाषेत कोरले, ती कोणत्या देवाच्या शेजारी आणि कोणत्या जागेवर उभी राहिली, हे विचारा. लेप्किसमध्ये हे प्रश्न विचारले की नकाशावर जे शहर रोमन दिसते, ते पहिली शे-सव्वाशे वर्षे तरी तिथल्याच माणसांनी स्वतःसाठी बांधलेले निघते.

लेप्किस हे मुळात फिनिशियन लोकांचे, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरून आलेल्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांचे ठाणे. लेब्दा नावाच्या ओढ्याच्या मुखाशी, समुद्राला लागून ते इ.स.पू. सातव्या शतकाच्या सुमारास वसले. लोकांची भाषा प्युनिक, म्हणजे कार्थेज या आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या फिनिशियन महानगराची भाषा, हिब्रूच्या नात्यातली. त्या लिपीत गावाचे नाव ल-प-क-य अशा चार व्यंजनांनी लिहीत. लेप्किस, ओया आणि साब्राथा या तीन शहरांवरून त्या भागाला त्रिपोली, म्हणजे तीन नगरे, हे नाव पडले. त्यातले ओया म्हणजे आजचे त्रिपोली शहर. रोमन ग्रंथांत गावाचे नाव पुष्कळदा 'लेप्टिस' असे येते आणि आजही अनेक पुस्तकांत तसेच छापतात. पण गावातल्या लॅटिन शिलालेखांत ते 'लेप्किस' आहे. लॅटिन लिहितानाही गावकऱ्यांनी 'क' सोडला नाही. मीही तोच उच्चार वापरते.

गाव रोमच्या आधीपासून श्रीमंत होते, आणि ती श्रीमंती ऑलिव्हच्या तेलाची होती. इ.स.पू. ४६ मध्ये ज्यूलियस सीझरने आफ्रिकेतले युद्ध जिंकल्यावर विरुद्ध बाजूला राहिल्याबद्दल या शहरावर दंड बसवला. तो दर वर्षी तीस लाख रोमन पौंड तेलाचा होता असे मानले जाते. आजच्या मापाने हे हजार टनांच्या जवळपास जाते. असा दंड ज्या गावावर बसवता येतो, त्या गावात पैसा होता, जमीनदार घराणी होती आणि त्या घराण्यांमध्ये मानासाठी चढाओढ होती, हे गृहीत धरूनच पुढचे सगळे पाहायला हवे.

आता मंडईकडे येऊ. लॅटिनमध्ये तिला माकेल्लुम म्हणत. चौकोनी आवार, आवाराच्या मध्ये दोन गोल मंडप, मंडपांच्या भोवती अष्टकोनी ओवऱ्या, आणि विक्रेत्यांसाठी दगडी ओटे. ही मंडई इ.स.पू. ९-८ मध्ये बांधली गेली. पैसे घालणाऱ्याचे नाव अन्नोबाल, हिमिल्कोचा मुलगा, तापापियस रूफस. पुढे नऊएक वर्षांनी, इ.स. १-२ मध्ये, याच माणसाने नाट्यगृह बांधले. अन्नोबाल म्हणजे हानिबाल. बाल या फिनिशियन देवाची कृपा, असा त्या नावाचा अर्थ. कार्थेजच्या ज्या सेनापती हानिबालच्या नावाने रोममध्ये पिढ्यानपिढ्या धडकी भरत असे, त्याच नावाचा एक गृहस्थ पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळात रोमन पद्धतीचे नाट्यगृह बांधतो आणि स्वतःचे नाव बदलत नाही.

त्या नाट्यगृहाचा लेख हा माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नाचा सर्वात चांगला पुरावा आहे, म्हणून त्यावर थोडी थांबते. लेख दोन भाषांत आहे. वर लॅटिन, खाली प्युनिक. लॅटिन भागाची सुरुवात सम्राटाच्या नावाने आणि त्याच्या पदव्यांनी होते. मग अन्नोबालचे नाव येते: देशाचा शृंगार करणारा, सलोख्याचा चाहता, पुरोहित, सुफेत (गावाचा प्रमुख अधिकारी), स्वतःच्या पैशाने हे बांधले आणि अर्पण केले. खालच्या प्युनिक मजकुरात सम्राट नाही. तिथे थेट अन्नोबालपासूनच सुरुवात होते. तीच पदे, तोच खर्चाचा उल्लेख, पण सम्राटाचा एक शब्दही नाही.

मी पहिल्यांदा हे दोन मजकूर ओळीखाली ओळ लावून पाहिले तेव्हा यातले राजकारण माझ्या लक्षात आले नव्हते. मला वाटले होते की एक मूळ आणि दुसरे भाषांतर. पण कोणते मूळ आणि कोणते भाषांतर? 'देशाचा शृंगार करणारा', 'सलोख्याचा चाहता', 'देशावर प्रेम करणारा', 'नागरिकांवर प्रेम करणारा' या पदव्या लेप्किसच्या लॅटिन लेखांत पुन्हा पुन्हा येतात. इतर ठिकाणच्या लॅटिनमध्ये त्या अशा सन्मानाच्या पदव्या म्हणून सहसा दिसत नाहीत. प्युनिकमध्ये मात्र त्या सहज बसतात. म्हणजे इथे लॅटिनच प्युनिकच्या वळणाने चालते आहे. गावाने आपल्या थोर माणसांना द्यायचे मान आधीच ठरवून ठेवले होते, आणि लॅटिन आली तेव्हा तेच मान त्या भाषेत उतरवले.

'सुफेत' हा शब्दही असाच. हिब्रूतला 'शोफेट', म्हणजे न्यायाधीश, हा त्याचा सख्खा भाऊ. दर वर्षी दोन सुफेत निवडले जात, ही कार्थेजची पद्धत. रोमने कार्थेज इ.स.पू. १४६ मध्ये जमीनदोस्त केले, पण त्याचे हे पद लेप्किसमध्ये त्यानंतर अडीचशे वर्षे चालू होते.

नाट्यगृहाच्या जागेबद्दलही सांगायला हवे. ते गावाच्या जुन्या प्युनिक दफनभूमीवर बांधले आहे. वरवर पाहिले तर पूर्वजांच्या थडग्यांवर रोमन करमणूक, असे वाटते. पण ही जागा निवडणारे त्याच पूर्वजांचे वंशज होते, आणि त्यांनी ती मृतांच्या दुनियेशी तोडूनही टाकली नाही. आसनांच्या सर्वात वरच्या टोकाला इ.स. ३५-३६ मध्ये सेरेस या धान्यदेवीचे छोटे देऊळ बसवले गेले. त्याला पैसे देणारी बाई सुफुनिबाल, अन्नोबाल रूसोची मुलगी. 'देशाचा शृंगार करणारी' हीच पदवी, स्त्रीलिंगी रूपात, तिच्या नावापुढे आहे. देवीचे नाव लॅटिन, देणारीचे नाव प्युनिक, आणि मान गावाचा.

समुद्राजवळच्या जुन्या चौकात हेच आणखी ठळक दिसते. तिथे तीन देवळे एका रांगेत आहेत. त्यातले एक रोमा देवी आणि ऑगस्टसचे, म्हणजे राजघराण्याच्या पूजेचे. ते ऑगस्टसनंतरचा सम्राट टायबेरियस याच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला, इ.स. १४ ते १९ च्या दरम्यान उभे राहिले. त्यात बसवलेल्या पुतळ्यांची यादी कोरलेली आहे: ऑगस्टस, रोमा, टायबेरियस, लिव्हिया, जर्मानिकस, ड्रूसस. साम्राज्याशी निष्ठा दाखवण्याची याहून अधिकृत जागा दुसरी नाही. आणि ती यादी प्युनिकमध्ये आहे. रोमच्या राजघराण्याची नावे प्युनिक अक्षरांत बसवलेली, आणि काळ सांगायला त्या वर्षीच्या दोन सुफेतांची नावे. चौकातला मान मात्र गावाच्या दोन रक्षक देवांचा: शाद्राफा आणि मिल्क-अश्तार्त. लॅटिन बोलणाऱ्यांसाठी त्यांची नावे लिबर पातेर आणि हर्क्युलिस. ही दोन नावे लक्षात ठेवा, ती पुढे परत येतील.

माझा हात या प्रकारच्या वाचनात बसला तो कार्ल्याच्या लेण्यात. तिथल्या चैत्यगृहात धेनुकाकट गावच्या यवनांनी, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले म्हणवणाऱ्यांनी, दिलेले खांब आहेत. लेख ब्राह्मी लिपीत, भाषा प्राकृत, दात्यांची नावे इथलीच वाटणारी, आणि तरी 'यवन' ही ओळख त्यांनी सोडलेली नाही. खांबाच्या घडणीवरून हे कधीच कळले नसते. दानलेखात माणूस स्वतःला काय म्हणवतो, हे वाचल्याशिवाय इमारतीचे मत बनवू नये, ही सवय मला तिथे लागली आणि लेप्किसमध्ये ती उपयोगी पडली.

पण सगळे काही श्रीमंतांच्या दानावर चालत नव्हते. रस्त्यांचे उदाहरण घ्या. इ.स. ३५-३६ मध्ये प्रांताचा रोमन अधिकारी रुबेलियस ब्लांडस याने शहराचे सगळे रस्ते दगडाने फरसबंद करून घेतले, आणि ते काम झाल्याची नोंद करणारी कमान उभी राहिली. पैसा कुठून आला हे लेखातच दिले आहे: लेप्किसकरांना परत मिळवून दिलेल्या जमिनींच्या उत्पन्नातून. म्हणजे आधी जमिनी शहराच्या हातून गेल्या होत्या, त्या परत आल्या, आणि त्यांच्या उत्पन्नातून सार्वजनिक काम झाले. नगरपालिकेच्या हिशेबवह्या पाहिलेल्या कोणालाही हे लगेच कळेल. प्रांतिक शहराचा विकास आणि त्याच्या आसपासच्या शेतजमिनीचा हक्क हे दोन वेगळे विषय नाहीत. जुन्या चौकाची फरसबंदी मात्र इ.स. ५३-५४ मध्ये हन्नोचा मुलगा गायस या स्थानिक गृहस्थाने आपल्या नातवाच्या नावाने करून दिली, आणि तो लेख पुन्हा दोन भाषांत.

मंडईत एक दगड आहे, तो पाहायला मी दोनदा परत गेले. साधा आडवा दगड, त्यावर लांबीची तीन प्रमाण मापे कोरलेली: प्युनिक हात, सुमारे साडेएक्कावन्न सेंटिमीटर, रोमन फूट, सुमारे साडेएकोणतीस, आणि इजिप्तच्या टॉलेमी राजांचा हात, साडेबावन्न. प्युनिक आणि टॉलेमी हातात फरक फक्त एका सेंटिमीटरचा. दगडावर पंजा टेकवला तर तो फरक बोटाच्या पेराएवढाही भरत नाही. पण कापड मोजताना, शंभर हातांच्या ताग्यावर, तो एक मीटर होतो. अलेक्झांड्रियाहून आलेला व्यापारी, इटलीहून आलेला व्यापारी आणि गावातला विणकर यांच्यात भांडण होऊ नये म्हणून हा दगड तिथे आहे. रोमची सत्ता शतकानुशतके असताना मंडईने रोमन फूट 'एकमेव' केला नाही; तीन मापे शेजारी ठेवली आणि ज्याला जे लागेल ते त्याने वापरावे अशी सोय केली. स्थानिक ओळख म्हटले की मला देवळांच्या आधी हा दगड आठवतो. ती रोज वापरात होती, म्हणून टिकली.

मग ती ओळख पातळ कधी झाली? इथे शहराचा दर्जा समजून घ्यावा लागतो. सम्राट व्हेस्पेशियनच्या काळात लेप्किसला नगरपालिकेचा रोमन दर्जा मिळाला, तरी सुफेत चालू राहिले. हे विलक्षण होते. इ.स. १०९-११० मध्ये सम्राट ट्राजनने शहराला 'कोलोनिया' हा सर्वात वरचा दर्जा दिला, सगळे नागरिक रोमन नागरिक झाले, आणि सुफेत हे पद जाऊन दुमविर, म्हणजे दोन माणसांचे रोमन पद, आले. लुसियस सेप्टिमियस सेव्हेरस नावाच्या गृहस्थाच्या सन्मानलेखात या बदलाचा क्षण पकडलेला आहे: तो आधी सुफेत होता, दर्जा बदलला तेव्हा निवडलेला अधिकारी होता, आणि मग दुमविर. घराणे तेच, सत्ता तीच, फक्त खुर्चीचे नाव बदलले. पण खुर्चीचे नाव बदलले की लेखाची भाषाही बदलते. सार्वजनिक इमारतींवरच्या दोन भाषांतल्या लेखांपैकी तारीख सांगता येईल असा उशिराचा एक लेख इ.स. ९१-९२ चा, टायबेरियस क्लॉडियस सेस्टियस याचा आहे. त्यानंतर सार्वजनिक दगडांवर जवळजवळ लॅटिनच.

याच घराण्यातल्या, नाव तेच असलेल्या एका तरुणाला रोममधला कवी स्टेशियस याने एक कविता लिहून दिली. तीत त्याची तारीफ अशी केली आहे की तुझी बोली प्युनिक नाही, पोशाख प्युनिक नाही, मन परके नाही, तू तर अस्सल इटालियन. ही तारीफ मला नेहमी खटकते. गावात राहून नाव कमवायचे तेव्हा प्युनिक पदव्या अभिमानाने मिरवल्या जात. राजधानीत नाव कमवायचे तेव्हा 'तू त्यांच्यातला वाटत नाहीस' हे ऐकून धन्य व्हावे लागे. ओळख पातळ होण्याचे खरे कारण मला इथे दिसते. कोणी प्युनिक लेखांवर बंदी घातली नाही. गावातल्या वरच्या घराण्यांच्या महत्त्वाकांक्षेचे ठिकाणच बदलले.

बोलीचे मात्र वेगळे आहे. दगडावरून ती उतरली म्हणून तोंडातून गेली, असा निष्कर्ष विद्यार्थी नेहमी काढतात आणि तो चुकीचा आहे. इ.स. १५८-१५९ च्या सुमारास शेजारच्या साब्राथात झालेल्या खटल्यात वक्ता अपुलेयसने आपल्या सावत्र मुलाबद्दल तक्रार केली की ओयाचा हा श्रीमंत मुलगा प्युनिकच बोलतो, आईने शिकवलेली थोडी ग्रीक येते, आणि लॅटिन बोलायची त्याची इच्छाही नाही. लेप्किसच्या मागच्या कोरड्या ओढ्यांच्या प्रदेशात पुढेही प्युनिक भाषा लॅटिन अक्षरांत लिहिलेले लेख मिळतात. आणि इ.स. ४०० च्या आगेमागे, पश्चिमेला आजच्या अल्जीरियातल्या हिप्पोजवळ, संत ऑगस्टीन लिहितो की तिथल्या खेडुतांना तुम्ही कोण विचारले तर ते प्युनिकमध्ये 'आम्ही कनानी' असे सांगतात. फिनिशियन लोकांचे स्वतःसाठीचे जुने नाव.

दुसऱ्या शतकातली भर मी पटकन सांगते. इ.स. ११९-१२० मध्ये क्विंटस सर्व्हिलियस कांडिडस या गावकऱ्याने स्वतःच्या खर्चाने शहराला पाणी आणले. त्या पाण्यावर इ.स. १२६-१२७ मध्ये हेड्रियनच्या काळातली मोठी स्नानगृहे उभी राहिली. त्यांच्यासोबत बाहेरून संगमरवर आला. तोवर सगळे शहर जवळच्या खाणीतल्या चुनखडी दगडाचे होते, मधासारख्या रंगाचे, आणि त्या दगडात कोरणारे हातही गावातले. माझ्या मते शहराचा चेहरा नकाशाने बदलला त्याहून जास्त या दगडाने बदलला. गावच्या गवंड्याला चुनखडीचा पोत ठाऊक होता, संगमरवर त्याला नवा होता.

आणि मग सेव्हेरस. ज्याच्या सन्मानलेखाचा वर उल्लेख केला त्याचा नातू, त्याच नावाचा, इ.स. १४५ मध्ये लेप्किसमध्ये जन्मला आणि इ.स. १९३ मध्ये रोमचा सम्राट झाला. त्याच्या उच्चारात म्हातारपणापर्यंत आफ्रिकी हेल होता, आणि त्याची बहीण रोमला आली तेव्हा तिला लॅटिन धड बोलता येईना म्हणून त्याने तिला भेटी देऊन परत पाठवले, असे बऱ्याच नंतर लिहिलेल्या एका चरित्रात आहे. त्या चरित्रावर सगळीकडे विश्वास ठेवता येत नाही, पण भाषेबद्दल आपण वर पाहिले त्याच्याशी ते जुळते.

सेव्हेरसने जन्मगावाला जे दिले त्याला तोड नाही. नवा भव्य चौक, त्याला लागून बॅसिलिका (न्यायदानाचे आणि सार्वजनिक कामाचे मोठे सभागृह), कारंज्याची मोठी इमारत, बंदरापर्यंत जाणारा खांबांच्या ओळींचा रुंद रस्ता, बंदराची पुनर्रचना, चार बाजूंची कमान. ग्रॅनाइटचे खांब इजिप्तमधल्या आस्वानहून आले, हिरवट पट्ट्यांचा संगमरवर ग्रीसमधल्या युबिया बेटावरून. नव्या चौकात कमानींच्या मधल्या जागी मेड्युसाची, म्हणजे ग्रीक पुराणातल्या केसांच्या जागी साप असलेल्या स्त्रीची, मुंडकी बसवली, प्रत्येकीचा चेहरा जरा वेगळा. खांबांच्या बैठकींवर कारागिरांनी आपली नावे खरडून ठेवली आहेत, ग्रीक अक्षरांत. म्हणजे काम करणारे हात आता पूर्वेकडून आलेले होते.

नगररचनाकाराच्या डोळ्याने यातली एक गोष्ट मला फार आवडते. नव्या चौकाला जागा मिळाली ती जुन्या वस्तीचे रस्ते आणि ओढ्याच्या कडेने वाकडा जाणारा खांबांचा रस्ता यांच्या मधली, म्हणजे तिरकी. चौक तर काटकोनात हवा. मग त्यांनी चौकाची भिंत आणि रस्ता यांच्यामध्ये दुकानांची रांग घातली आणि प्रत्येक गाळ्याची खोली थोडी थोडी बदलत नेली. एका टोकाला गाळे उथळ, दुसऱ्या टोकाला खोल. चौकात उभे राहिले तर सगळे सरळ, रस्त्यावर उभे राहिले तरी सगळे सरळ. तिरकेपणा दुकानांच्या पोटात. सम्राटाच्या पैशालाही गावाच्या जुन्या आखणीपुढे वळून जावे लागले.

बॅसिलिकेच्या दोन्ही टोकांच्या अर्धगोलांपाशी संगमरवरी कोरीव खांब आहेत. त्यांवर द्राक्षवेलींमध्ये लिबर पातेर आणि त्याचे साथीदार, आणि पराक्रम गाजवणारा हर्क्युलिस. जुन्या चौकातले शाद्राफा आणि मिल्क-अश्तार्त ते हेच. दोनशे वर्षांनी, जगातल्या सर्वात बलाढ्य माणसाच्या पैशाने, तेच दोन देव पुन्हा शहराच्या मध्यभागी आले.

तरी या पर्वाकडे मी निखळ आनंदाने पाहू शकत नाही, आणि इथे माझे मत बऱ्याच जणांपेक्षा वेगळे आहे. अन्नोबाल, सुफुनिबाल, हन्नोचा मुलगा गायस, कांडिडस, ही माणसे आपल्या शेजाऱ्यांनी मान द्यावा म्हणून बांधत होती. नव्या चौकावर आणि बॅसिलिकेवर सम्राटाचे नाव आहे. काम पुरे झाले इ.स. २१६ मध्ये, त्याच्या मुलाच्या, काराकल्लाच्या काळात. आकार गावच्या गरजेतून आलेला नव्हता, तो सम्राटाच्या मनातल्या गावाचा होता. लेप्किसकर स्वतःला 'सेप्टिमियानी' म्हणवू लागले, म्हणजे त्यांच्या ओळखीत सम्राटाचे आडनाव आले. त्यांनी कृतज्ञतेने रोमला तेल भेट म्हणून द्यायला सुरुवात केली. पुढच्या सम्राटांच्या काळात ती भेट सक्तीचा बोजा झाली, आणि चौथ्या शतकात कॉन्स्टंटाईनने सोडवेपर्यंत चालू राहिली. सीझरच्या दंडाचे तेल आणि सेव्हेरसच्या उपकाराचे तेल, दोन्ही त्याच झाडांचे.

बंदरात ओढ्याचा गाळ येऊ नये म्हणून वरच्या बाजूला बांध घालून पूर वळवलेला होता. अशी व्यवस्था देखभालीवर जगते, आणि देखभाल गावाला करावी लागते. इ.स. ३६३ च्या सुमारास वाळवंटाकडून ऑस्टुरियानी टोळ्यांनी हल्ले केले, शहराबाहेरची झाडे आणि द्राक्षवेली तोडल्या. गावाने प्रांताचा सेनापती रोमानुस याच्याकडे मदत मागितली. त्याने आधी रसद आणि चार हजार उंट मागितले. गावाला उंट देणे शक्य नव्हते, तेव्हा तो चाळीस दिवस तळ देऊन काही न करता निघून गेला. इतिहासकार अम्मियानस याने हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवले आहे. पुढे बांध निकामी झाला, गाळ आणि वाळू शहरात शिरली. सहाव्या शतकात पूर्व रोमन सम्राट जस्टिनियनच्या काळात तट बांधला तेव्हा तो जुन्या शहराच्या एका लहान भागाभोवतीच घातला.

आपण आज जे लेप्किस पाहतो, त्याबद्दल एक सावधगिरी. मोठे उत्खनन १९२० च्या दशकापासून इटालियन वसाहती राजवटीत झाले. त्या राजवटीला आफ्रिकेत रोमचा वारसा दाखवायचा होता. त्यामुळे भव्य रोमन थर मोकळे झाले, वरचे उशिराचे आणि अरब काळातले पुष्कळ थर काढून टाकले गेले, आणि सामान्य घरांकडे लक्ष कमी गेले. त्याआधीही संगमरवरी खांब सतराव्या शतकात फ्रेंच वकिलामार्फत फ्रान्सला आणि १८१६ नंतर इंग्लंडला गेले. तिथे विंडसरजवळच्या एका राजउद्यानात ते शोभेचे भग्नावशेष म्हणून उभे आहेत. 'हे शहर अगदी रोमन दिसते' असे तुम्ही म्हणता, त्यात या निवडीचाही वाटा आहे.

तुम्हाला प्रबंधासाठी दुसरे शहर हवे असेल तर सीरियातले पाल्मिरा घ्या. तिथला इ.स. १३७ चा जकातीचा मोठा दगड ग्रीक आणि पाल्मिरी अरामी अशा दोन भाषांत आहे. शहराच्या सभेने स्वतःच ठराव करून दर कोरून लावले. दोन्ही मजकूर समोरासमोर ठेवा आणि आधी हे शोधा: कोणता शब्द एका भाषेतून दुसरीत जसाच्या तसा उचलला आहे, आणि कोणता तिच्यात नव्याने घडवावा लागला आहे. करांची आणि पदांची नावे यांपासून सुरुवात करा, देवांकडे नंतर या. दगड आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. ट्युनिशियातले दुग्गाही चालेल. तिथे रोमन नागरिकांची वस्ती आणि स्थानिकांचे नगर अशा दोन वेगळ्या संस्था एकाच गावात दोन शतकांहून अधिक काळ नांदल्या आणि इ.स. २०५ मध्ये, याच सेव्हेरसच्या कारकिर्दीत, एक झाल्या. तिथल्या देणगीदारांची यादी करताना कोणी कोणत्या संस्थेच्या नावाने दान दिले, त्याचा वेगळा रकाना ठेवा. दोन्हींना मिळून दान देणारे किती निघतात, ते मोजा.